मॉर्मन संस्थापकाची पत्नी एमाबाई

मॉर्मन पंथाचे नाव निघाले की आपल्या लोकांना बहुधा एकच गोष्ट आठवते, ती म्हणजे त्यांच्या पुष्कळ बायका. हा पंथ अमेरिकेत निघाला व तिकडेच वाढला. आमच्या मोहगाव, सौंसर, पांढुर्ण्याच्या बाजूला त्याचा माणूस भेटणे विरळाच. परंतु बंगलोर-हैदराबादेकडे नोकरीला गेलेल्या तरुणांना पांढरा सदरा घातलेले, छातीवर नावाची काळी पट्टी लावलेले दोघे-दोघे प्रचारक भेटतात. ते येशूचे नाव घेतात, पवित्र शास्त्रही मानतात असे सांगतात. मग हे लोक आपल्यापैकीच की काय, असा प्रश्न साहजिकच पडतो. या प्रश्नाचे उत्तर मतांची यादी करून देता येईल. आम्हांला ते एका बाईच्या चरित्राने द्यावेसे वाटते, कारण त्या पंथाच्या शास्त्रात बहुपत्नीकत्वाचा जो अध्याय आहे त्यात एका जिवंत बाईचे नाव घालून तिला ताकीद दिलेली आहे. ती बाई म्हणजे पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ याची लग्नाची बायको एमा.

एमा हेल हिचा जन्म १० जुलै १८०४ रोजी पेनसिल्व्हेनिया प्रांतातील हार्मनी या गावी, सस्क्वेहाना नदीच्या काठी झाला. बाप आयझॅक हेल शेती करी व शिकारीत त्या भागात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. घरचे वळण मेथॉडिस्ट. मुलगी उंच, काळ्याभोर केसांची, लिहिण्यावाचण्यात हुशार; काही दिवस तिने शाळेत शिकविलेही होते. १८२५ साली या घरी काही मजूर उतरले. जवळच्या डोंगरात स्पॅनिश लोकांनी पुरून ठेवलेली चांदी आहे अशी वदंता होती व ती खणून काढण्यासाठी एका धनिकाने त्यांना आणले होते. त्यांत एकोणीस वर्षांचा जोसेफ स्मिथ होता. एका गोट्यात पाहून जमिनीखालचे धन दिसते अशी त्याची ख्याती होती. आपल्याकडेही गुप्तधनाच्या मागे लागलेली माणसे व त्यांना मिळणारे जाणकार काही कमी नाहीत, तेव्हा हा प्रकार आमच्या वाचकांना वेगळा समजावून सांगायला नको. चांदी निघाली नाही. पण जोसेफने एमाला मागणी घातली.

आयझॅक हेलने साफ नकार दिला. ज्याचा धंदा असा, त्याला मुलगी कशी द्यावी? शेवटी १८ जानेवारी १८२७ रोजी दोघांनी घरच्यांना न सांगता न्यूयॉर्क प्रांतात जाऊन लग्न केले. ती बावीस वर्षांची, तो एकवीस वर्षांचा. एमा भोळी होती, फसली, असे म्हणून पुष्कळ लोक मोकळे होतात. आम्हांला तसे वाटत नाही. तिने त्याला स्वतः निवडले होते व पुढे सतरा वर्षे जे भोगले ते उघड्या डोळ्यांनी भोगले.

त्याच वर्षी २२ सप्टेंबरच्या रात्री ती त्याच्याबरोबर घोड्याच्या गाडीतून पालमायरा गावाजवळच्या एका टेकडीपाशी गेली. ती गाडीपाशी थांबली व तो टेकडीवर गेला. देवदूताने दाखविलेले सोन्याचे पत्रे आपणास मिळाले, असे त्याने परत येऊन सांगितले. पुढे हार्मनीस परत आल्यावर या पत्र्यांचे भाषांतर म्हणून तो जे सांगे, ते लिहून घेण्याचे काम प्रथम ज्यांनी केले त्यांत एमाबाई होत्या. पत्रे कापडात गुंडाळून मेजावर ठेवलेले असत. घरकाम करताना त्या ते बाजूला सारीत, कापडावरून हात लावून पाहत. उघडे मात्र त्यांनी कधी पाहिले नाहीत. १५ जून १८२८ रोजी त्यांना पहिला मुलगा झाला आणि त्याच दिवशी गेला.

हे पुस्तक १८३० साली पाच हजार प्रतींचे छापले गेले. तेच मॉर्मनचे पुस्तक. वाचकांनी येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. या पुस्तकात बहुपत्नीकत्वाचा पुरस्कार नाही. उलट याकोब नावाच्या एका पात्राच्या तोंडून दावीद व शलमोन यांच्या अनेक बायकांचा तीव्र निषेध आहे व एका पुरुषाला एकच पत्नी असावी असे बजावले आहे. फक्त एक लहानशी वाट उघडी ठेवली आहे. देवाला आपल्यासाठी संतती उत्पन्न करावयाची असेल तर तो वेगळी आज्ञा देईल, अशा अर्थाचे एक वाक्य तेथे आहे. त्या वेळी त्या वाक्याकडे कोणाचे लक्ष गेले नसावे. १८३५ साली जोसेफच्या प्रकटीकरणांचा जो संग्रह निघाला त्यात तर विवाहावर एक स्वतंत्र प्रकरण होते, आणि त्यात एक पती व एक पत्नी हाच आमचा नियम असे जाहीर केले होते. ते प्रकरण १८७६ पर्यंत त्यांच्या शास्त्रात छापले जात होते.

६ एप्रिल १८३० रोजी पंथाची स्थापना झाली व जूनअखेर एमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. जुलैमध्ये जोसेफने त्यांच्या नावे पहिले प्रकटीकरण दिले. त्यात त्यांना निवडलेली स्त्री म्हटले होते, मंडळीसाठी गीते निवडून पुस्तक करण्यास सांगितले होते आणि जे दाखविले नाही त्याबद्दल कुरकुर करू नये असेही सांगितले होते. गीतांचे पुस्तक त्यांनी केले. १८३५ सालच्या त्या लहानशा पुस्तकात नव्वद गीते होती व त्यांतील कितीतरी आयझॅक वॉट्स वगैरे प्रॉटेस्टंट कवींची, म्हणजे आपल्या मिशनऱ्यांनीही गायिलेली. मेथॉडिस्ट घरात कानांवर पडलेले या बाईने नव्या पंथातही टाकले नाही.

पुढची दहा वर्षे स्थलांतराची व मृत्यूंची. ओहायोत ३० एप्रिल १८३१ रोजी जुळी मुले झाली, ती काही तासांतच गेली. त्याच सुमारास मंडळीतील मर्डॉक नावाच्या गृहस्थांची पत्नी जुळ्यांना जन्म देऊन वारली होती. ती दोन्ही मुले एमाबाईंनी पदरात घेतली. पुढच्या मार्चमध्ये एका रात्री जमावाने घरात शिरून जोसेफला ओढून नेले व अंगाला डांबर फासून वर पिसे चिकटविली. दत्तक मुलगा गोवराने आजारी होता, तो त्या धामधुमीनंतर थोड्याच दिवसांत गेला. नंतर मिसुरीत मॉर्मन लोक व तेथील रहिवासी यांची लढाईच जुंपली. जोसेफ तुरुंगात पडला. १८३९ च्या फेब्रुवारीत एमाबाई चार मुलांना घेऊन गोठलेल्या मिसिसिपी नदीवरून चालत पलीकडे गेल्या, तेव्हा नवऱ्याची हस्तलिखिते त्यांनी पिशव्यांत घालून घागऱ्याखाली कमरेला बांधली होती. स्वतःच्या पोटी नऊ मुले, त्यांतील चारच वाढली. एवढे सांगण्याचे कारण असे की, पुढे या बाईंवर विश्वास नसल्याचा, नवऱ्याच्या कार्याची वैरीण असल्याचा जो ठपका आला, तो ठेवणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी त्या कार्यासाठी इतके सोसले होते.

इलिनॉय प्रांतात नदीकाठी नॉवू हे नगर मॉर्मन लोकांनी वसविले. तेथे १७ मार्च १८४२ रोजी जोसेफच्या विटांच्या दुकानाच्या माडीवर स्त्रियांची मदत-मंडळी स्थापन झाली व एमाबाई तिच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. गरिबांना अन्नवस्त्र पुरविणे हे मंडळीचे काम. पण सभांत दुसराही विषय वारंवार निघे. गावात कुजबुज चालली होती की पुढाऱ्यांपैकी काहीजण आत्मिक पत्नीच्या नावाखाली दुसऱ्या बायका करतात. एमाबाई स्त्रियांना अशा पुरुषांपासून जपण्यास सांगत. समोर बसून सभेचे वृत्त लिहिणारी चिटणीस एलायझा स्नो ही त्याच उन्हाळ्यात गुप्तपणे जोसेफशी विवाहबद्ध झाली.

जोसेफने हे केव्हा सुरू केले? १८३० नंतरच्या दशकात, ओहायोत असतानाच, फॅनी अल्जर नावाच्या एका तरुण मुलीशी त्याचा असा संबंध जुळला होता. नॉवूत एप्रिल १८४१ पासून एकामागून एक विवाह झाले. यूटा येथील मॉर्मन चर्चने स्वतः २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधांत सावध अंदाज म्हणून तीस ते चाळीस हा आकडा दिला आहे. त्यांतील काही स्त्रियांचे पती हयात होते, आणि सर्वांत लहान मुलगी पंधरावे वर्ष पुरे होण्यास काही महिने कमी असलेली होती. हे विरोधकांचे म्हणणे नव्हे. त्यांनीच मान्य केलेले आहे.

एमिली व एलायझा पार्ट्रिज या दोघी बहिणी बाप वारल्यामुळे एमाबाईंच्याच घरी राहत व मुलांना सांभाळीत. १८४३ च्या मार्चमध्ये त्या दोघींशी जोसेफने गुपचूप विवाह केला. मे महिन्यात, किती दिवसांच्या समजावणीनंतर देव जाणे, एमाबाईंनी बहुपत्नीकत्वाला संमती दिली, परंतु स्त्रिया आपण निवडू अशी अट घातली. आणि निवडल्या त्या याच दोघी. झालेले लग्न त्यांना ठाऊक नव्हते. त्यांच्यासमोर विधी पुन्हा करण्यात आला. ज्या घरात सवत आलेली आहे, तेथे संमती या शब्दाचा अर्थ काय असतो हे आपल्या खेड्यांतील म्हाताऱ्या बायकांना विचारावे. मूल होत नाही, मुलगा होत नाही, शेतीला हात कमी पडतात, अशी कारणे सांगून दुसरी आणली जाई, आणि पहिलीनेच आग्रह केला असे गावात सांगितले जाई. एमाबाईंची संमती फार दिवस टिकली नाही. त्यांनी ती मागे घेतली व काही काळाने दोघी बहिणींना घर सोडावे लागले.

तेव्हा १२ जुलै १८४३ रोजी ते प्रकटीकरण लिहिले गेले. जोसेफचा भाऊ हायरम याने सुचविले की आज्ञा लेखी असेल तर आपण वहिनींची समजूत घालू. जोसेफने सांगितले, विल्यम क्लेटन याने लिहून घेतले, आणि हायरम तो कागद घेऊन गेला. तो जसा गेला तसाच परत आला. इतके कडक बोलणे आपण आयुष्यात ऐकले नाही असे त्याने कबूल केल्याचे क्लेटनने नमूद केले आहे. त्या कागदात अब्राहामाचे उदाहरण आहे. हागार त्याला देवाच्या आज्ञेने दिली गेली व साराने नियम पाळला, असे त्यात म्हटले आहे. नंतर एमाबाईंचे नाव घेऊन सांगितले आहे की जोसेफला दिलेल्या सर्व स्त्रियांचा तिने स्वीकार करावा व त्यालाच चिकटून राहावे, नाही तर तिचा नाश होईल. पत्नीने संमती द्यावी असा नियम आहे खरा, पण तिने नकार दिला तर पती त्या नियमातून मोकळा होतो. अशी ही संमती.

आपल्या वाचकांनी उत्पत्तीचा सोळावा अध्याय काढून पाहावा. हागारेला घे, असे देवाने अब्राहामाला सांगितल्याचे तेथे एक अक्षर नाही. ती युक्ती सारेची, उतावीळपणाची, आणि तिचे फळ म्हणजे घरातील छळ व रानात पळालेली गरोदर दासी. पवित्र शास्त्र लेआ-राहेलीची भांडणे सांगते, दाविदाच्या घराची धूळधाण सांगते, शलमोनाचे मन कोणी फिरविले तेही सांगते. घडलेले सांगणे वेगळे आणि आज्ञा करणे वेगळे. प्रभू येशूने विवाहाबद्दल प्रश्न आला तेव्हा अब्राहामाकडे बोट दाखविले नाही. तो त्याच्याही मागे, आरंभीच्या दोघांकडे गेला.

मूळ कागद जाळण्यात आला. एमाबाईंच्या हट्टामुळे तो जाळला असे मॉर्मन इतिहास सांगतो. पण त्याआधी एकाने नक्कल करून घेतली होती, व त्या नकलेवरून तो पुढे जगापुढे आला.

नॉवूतही गोष्ट फार काळ झाकून राहिली नाही. पंथातून फुटलेल्या काही प्रतिष्ठित माणसांनी ७ जून १८४४ रोजी एक वर्तमानपत्र काढून सर्व उघड केले. त्याचा पहिला अंक तोच शेवटचा. नगरसभेच्या हुकमाने छापखाना मोडून टाकला गेला, त्यावरून जोसेफ व हायरम यांना कार्थेजच्या तुरुंगात जावे लागले आणि २७ जून रोजी तोंडे रंगविलेल्या जमावाने आत घुसून दोघांना गोळ्या घातल्या. पुढच्याच वर्षी रेव्ह. स्टीफन हिस्लॉप नागपुरास आले, एवढ्यावरून काळाचा अंदाज यावा. एमाबाईंच्या चाळिशीला तेव्हा तेरा दिवस कमी होते व त्या गरोदर होत्या. नोव्हेंबरात डेव्हिड जन्मला.

मंडळीची सूत्रे ब्रिगम यंग याच्या हाती गेली. पंथाची मालमत्ता कोणती व विधवेची कोणती यावरून त्याचे व एमाबाईंचे बिनसले. पण खरे कारण आत होते. त्याने बहुपत्नीकत्व पुढे चालविले व जोसेफच्या काही विधवांशी स्वतः लग्न केले. त्याच्या बायकांची संख्या पन्नासाच्या वर गेली. १८४६ साली हजारो मॉर्मन बैलगाड्या जुंपून पश्चिमेकडे निघाले तेव्हा एमाबाई गेल्या नाहीत. रिकाम्या होत चाललेल्या त्या गावात त्या मुले व म्हाताऱ्या सासूबाईंना घेऊन राहिल्या. सासूबाईंचे त्यांनी १८५६ पर्यंत, शेवटच्या दिवसापर्यंत केले. तिकडे यूटात ब्रिगम यंग व्यासपीठावरून त्यांची निंदा करीत राहिला. २३ डिसेंबर १८४७ रोजी त्यांनी लुईस बिडामन या व्यापाऱ्याशी पुनर्विवाह केला. तो मॉर्मन नव्हता व विधी मेथॉडिस्ट पाळकाने लावला.

२९ ऑगस्ट १८५२ रोजी सॉल्ट लेक सिटी येथे भरलेल्या परिषदेत ऑर्सन प्रॅट याने बहुपत्नीकत्वाचे मत जाहीर रीतीने मांडले व १८४३ चे ते प्रकटीकरण सभेत वाचून दाखविण्यात आले. त्याच परिषदेत हिंदुस्थानात पाठवायच्या प्रचारकांची नावेही ठरली! ते निघण्यापूर्वीच, सप्टेंबरात, ह्यू फिंडले नावाचा एक स्कॉटिश मॉर्मन इंग्लंडहून मुंबईस उतरला होता. तो पुढे पुण्यास गेला, मराठी शिकला, छावणीतील गोऱ्या लोकांतून एक लहानशी मंडळी त्याने जमविली आणि १८५५ साली मराठ्यांना उद्देशून एक पुस्तिका मुंबईत छापली. म्हणजे आपल्या महाराष्ट्राला हा पंथ शंभर-सव्वाशे नव्हे, पावणेदोनशे वर्षांपूर्वीच येऊन गेला. परंतु यूटातील जाहीरनाम्याची बातमी इकडच्या वर्तमानपत्रांत आली आणि हिंदुस्थानभर या प्रचारकांना जागोजागी त्याचाच जाब देत बसावे लागले. मिशनरी हिंदू समाजातील अनेक बायकांच्या चालीला दोष देत असता, येशूच्या नावाने तीच चाल शिकविणारे लोक आल्यावर दुसरे काय होणार? १८५५-५६ पर्यंत ते बहुतेक सारे परत गेले. पुण्यातील ती मंडळी पुढे उरली नाही.

ज्यांना यूटा नको होते अशा विखुरलेल्या मॉर्मन लोकांनी इकडे नवी मंडळी बांधण्याचे ठरविले. बहुपत्नीकत्वाचा धिक्कार हा तिचा पहिला खांब. एमाबाईंचा मोठा मुलगा जोसेफ यास त्यांनी पुढारी होण्याची विनंती केली व ६ एप्रिल १८६० रोजी अँबॉय येथे आईला बरोबर घेऊन तो हजर झाला. पुनर्गठित मंडळी असे तिचे नाव पडले. आपल्या बापाने एकच पत्नी केली, बाकी सारे ब्रिगम यंगचे कारस्थान, ही त्या मुलाची श्रद्धा. १८६९ साली धाकटे दोघे, अलेक्झांडर व डेव्हिड, हेच सांगायला यूटात गेले. तेथे हायरमचा मुलगा, म्हणजे त्यांचा सख्खा चुलतभाऊ, म्हाताऱ्या होत चाललेल्या स्त्रियांची शपथपत्रे गोळा करीत होता: आम्ही जोसेफ स्मिथच्या बायका होतो. एकाच घराण्यातील मुले समोरासमोर उभी, आणि खरे काय ते सांगू शकणारी बाई नॉवूत गप्प.

त्या कधी बोलल्या, तर नाहीच म्हणाल्या. १८७९ च्या फेब्रुवारीत मुलाने त्यांना प्रश्न लिहून विचारले. जोसेफला माझ्याशिवाय कोणी पत्नी नव्हती, असेच त्यांनी उत्तर दिले. सोन्याच्या पत्र्यांवरचा विश्वास मात्र शेवटपर्यंत सोडला नाही. इतिहासकारांना हे उत्तर खरे धरता येत नाही आणि आम्हांलाही ते खरे म्हणता येत नाही. आई मुलांपासून लपवीत होती, की त्या संबंधांना विवाह हे नाव देणेच तिला मान्य नव्हते, की तीस वर्षे नाही म्हणता म्हणता ते नाहीसेच झाले, कोण सांगेल! मात्र हे असत्य तिच्यावर लादले कोणी, एवढा प्रश्न न्यायाने विचारला पाहिजे. ज्याने घरात लपवालपवी आणली त्याला हुतात्मा म्हणायचे आणि तिला खोटारडी, हा न्याय नव्हे.

बिडामनच्या संसाराची एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. १८६४ साली बिडामनला नॅन्सी अॅबरक्रॉम्बी नावाच्या बाईपासून मुलगा झाला. एमाबाई साठ वर्षांच्या होत्या. मूल चार वर्षांचे झाल्यावर त्यांनी त्याला आपल्या घरी आणून वाढविले, आणि तो मुलगा पुढे त्यांच्याविषयी प्रेमानेच बोलत असे. मरण जवळ आले तेव्हा त्यांनी नवऱ्याला सांगितले की माझ्यामागे तू नॅन्सीशी लग्न कर. ३० एप्रिल १८७९ रोजी त्या वारल्या. पुढच्या वर्षी बिडामनने नॅन्सीशी लग्न केले. ज्या बाईने प्रकटीकरणाच्या धाकाने सवत पत्करली नाही, तिने कोणाच्या आज्ञेवाचून सवतीचे मूल पदरात घेतले.

त्याच वर्षीच्या जानेवारीत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रेनॉल्ड्स खटल्यात निकाल दिला होता की धर्माचे नाव सांगून बहुपत्नीकत्वाचा गुन्हा माफ होत नाही. पुढे १८८२ व १८८७ चे कडक कायदे झाले, शेकडो मॉर्मन पुरुष तुरुंगात गेले, चर्चची मालमत्ता जप्त होऊ लागली. तेव्हा अध्यक्ष विल्फर्ड वुड्रफ याने १८९० साली नवे बहुपत्नी विवाह बंद केल्याचा जाहीरनामा काढला. चोरून चाललेले विवाह थांबवायला १९०४ चा दुसरा जाहीरनामा लागला. आपल्याकडे मुंबई सरकारने १९४६ साली हिंदूंच्या द्विभार्या विवाहास बंदी केली व त्या कायद्याला आव्हान मिळाले, तेव्हा मुंबई हायकोर्टात न्या. छागला यांनी १९५१ च्या निकालात अमेरिकेतील एका मॉर्मन खटल्यातीलच तत्त्व उचलून धरले: विश्वासाला संरक्षण आहे, प्रत्येक आचाराला नाही. यूटातील वाद असा आपल्या दाराशी येऊन पोचला होता.

आज यूटाच्या चर्चमध्ये कोणी दुसरी बायको केली तर त्याला मंडळीबाहेर काढतात. बातम्यांत येणारे अनेक बायकांचे संसार हे फुटून निघालेल्या लहान गटांचे असतात. आम्ही हे स्पष्ट लिहितो, कारण दुसऱ्याच्या धर्माविषयी जुनी गोष्ट आजची म्हणून सांगणे हेही असत्यच. पण १८४३ चे ते प्रकटीकरण १८७६ पासून त्यांच्या शास्त्रात एकशे बत्तिसावा भाग म्हणून आहे, एमाबाईंच्या नावासकट आहे. पहिली पत्नी वारल्यावर पुरुषाने मंदिरात दुसरीशी विधी केला तर दोघी अनंतकाळ त्याच्याच, असे ते आजही मानतात. हयात स्त्रीला दोन पतींशी तसा विधी करता येत नाही. त्यांच्यातीलच कित्येक स्त्रियांना या एका मताने झोप येत नाही. स्वर्गात आपली सवत कोण असेल, हा प्रश्न आपल्या मंडळीतील कोणा बहिणीला पडत नाही, याचे कारण पुनरुत्थानात लग्न करीत नाहीत, हे प्रभूने सदूकी लोकांना दिलेले उत्तर आपण पुरेसे मानतो. मार्च २०२४ मध्ये या चर्चने नॉवूतील स्मिथ घराण्याची घरे व ते विटांचे दुकान दुसऱ्या मंडळीकडून विकत घेतले. एमाबाई जेथे अध्यक्षा झाल्या ती माडी आता त्यांची आहे.

ती दुसरी मंडळी म्हणजे एमाबाईंच्या मुलाची. तिचीही एक हिंदुस्थानी गोष्ट आहे. १९६० नंतर या पुनर्गठित मंडळीचे लोक ओरिसातील सोरा आदिवासींत काम करू लागले. शेकडो लोक बाप्तिस्म्याला पुढे आले आणि त्यांत दोन-दोन बायका असलेले पुरुष निघाले. मिसुरीतील मुख्य कचेरीत वादळ उठले. ज्या मंडळीचा जन्मच बहुपत्नीकत्वाला नाही म्हणण्यासाठी झाला, तिने अशांना पाण्यात घ्यावे काय? बायको सोडून ये म्हणावे, तर कोणती सोडायची, व सोडलेली पोरांसह कोठे जाणार? आमच्या छिंदवाडा-पांढुर्ण्याच्या बाजूला हा प्रश्न पुस्तकी नाही. १९५५ चा हिंदू विवाह कायदा गोंड वगैरे अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही, रूढीने आणलेली दुसरी पत्नी त्यांच्यात बेकायदा ठरेलच असे नाही, आणि प्रभूकडे वळलेला माणूस आपला सारा संसार बरोबर घेऊन येतो. पौलाने अध्यक्ष एका पत्नीचा पती असावा असे तीमथ्याला लिहिले, त्यावरून काही मिशनांनी अशा माणसाला मंडळीत घेतले पण वडीलपण दिले नाही. काहींनी त्याला वर्षानुवर्षे उंबरठ्यावर बसविले व त्याच्या बायकांना आत घेतले.

पुनर्गठित मंडळीत हा वाद काही वर्षे चालला. १९७२ साली तिच्या अध्यक्षाने शास्त्रात नवा भाग घातला. एकपत्नीव्रत हाच ख्रिस्ती विवाहाचा पाया, परंतु बाहेरून येणाऱ्यांना त्यांच्याकडून होईल तितक्या पश्चात्तापानिशी घ्यावे व मंडळीने त्यांचे ओझे वाहावे, असा त्याचा आशय होता. सोरा कुटुंबे आत राहिली. ते अध्यक्ष, डब्ल्यू. वॉलेस स्मिथ, हे अँबॉयला आईबरोबर गेलेल्या त्या जोसेफचे चिरंजीव, म्हणजे एमाबाईंचे सख्खे नातू.